पदक पोस्टानं आलं

मागच्या अंकात विधवांच्या पेन्शनबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं: अणुबॉम्बच्या चाचण्यांवर नेलेल्या आपल्याच सैनिकांना साधं पदक द्यायला ब्रिटननं सत्तर वर्षं लावली. अख्ख्या लेखावर आली नसतील तेवढी पत्रं त्या एका वाक्यावर आली, म्हणून हा महिना त्याच विषयाला. नव्या वाचकांसाठी सांगते, मी मूळची कराडची. उत्तर इंग्लंडमधल्या एका सल्ला केंद्रात निवृत्त होईपर्यंत म्हाताऱ्या माणसांचे पेन्शनचे अर्ज भरून देणं हे माझं काम. वकील नाही, डॉक्टर नाही. कारकुनी मात्र पक्की आहे.

ताई, मी कोल्हापूरची. इंग्लंडात एका केअर होममध्ये काम करते. आमच्याकडे एक आजोबा आहेत, शहाऐंशीच्या पुढचे. त्यांच्या कपाटात एक नवंकोरं पदक आहे, मागच्या बाजूला अणूचं चिन्ह. ते म्हणतात, 'आम्हाला किनाऱ्यावर पाठमोरं बसवलं, डोळे मुठींनी दाबायला लावले, आणि मिटल्या डोळ्यांनी मला माझ्याच हाताची हाडं दिसली.' इथल्या मुली म्हणतात, म्हातारपणाचा भ्रम आहे, हो हो म्हणायचं. मला तसं वाटत नाही. खरं काय? आणि मी त्यांच्यासाठी काही करू शकते का?
— एक वाचक, मूळ कोल्हापूर

तुला वाटतं तेच खरं. भ्रम अजिबात नाही. हाडं दिसल्याचं मी माझ्या टेबलासमोर बसलेल्या माणसांकडून ऐकलंय, आणि एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं तेच सांगायची, तेही फार रंगवून नाही.

आजोबांचं वय बघता ते १९५८ च्या सुमाराला ख्रिसमस बेटावर असणार. प्रशांत महासागरातलं प्रवाळाचं बेट, आज किरिबाटी देशात आहे. तेव्हा ब्रिटनमध्ये सक्तीची लष्करी भरती होती, त्यामुळे अठरा-एकोणीस वर्षांची पोरं दोन वर्षांसाठी उचलून नेलेली असत. कुणी सुताराचा मुलगा, कुणी बेकरीत कामाला असलेला. १९५७ आणि ५८ मध्ये ब्रिटननं त्या बेटाजवळ आणि दक्षिणेकडच्या माल्डन बेटाजवळ हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या घेतल्या, त्या मालिकेचं नाव 'ग्रॅपल'. त्यातला 'ग्रॅपल वाय' हा २८ एप्रिल १९५८ चा, साधारण तीन मेगाटनचा, म्हणजे तीस लाख टन टीएनटी स्फोटकाच्या ताकदीचा, ब्रिटननं आजवर फोडलेला सगळ्यात मोठा बॉम्ब. व्हॅलियंट जातीच्या विमानातून टाकला आणि समुद्रावर उंच हवेत फुटला.

पोरांच्या अंगावर काय, तर अर्धी चड्डी, फार तर शर्ट. भोंग्यावर उलटे आकडे. आधी उजेड, मग कुणीतरी पाठीशी विजेची शेगडी आणून ठेवावी तशी आच, मग वळून बघायची परवानगी, आणि बघताहेत तोवर धक्का येऊन माणसं वाळूत पडायची. दुसऱ्या दिवशी खाडीत पोहायचं, मासे धरायचे, तंबूत शिरलेले खेकडे हाकलायचे. पाऊस पडला, त्यात आम्ही भिजलो, असंही पुष्कळजण सांगतात. सरकारचं म्हणणं पहिल्यापासून एकच: स्फोट उंचावर होता, बेटावर किरणोत्सारी धूळ पडण्यासारखं काही नव्हतं.

आता पदकाविषयी. पंतप्रधान ऋषी सुनक यांनी २१ नोव्हेंबर २०२२ ला स्टॅफर्डशरमधल्या राष्ट्रीय स्मारक उद्यानात ते जाहीर केलं. पहिला ब्रिटिश बॉम्ब ३ ऑक्टोबर १९५२ ला ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळच्या माँटेबेलो बेटांत फुटला, त्याला तेव्हा सत्तर वर्षं झाली होती. पुढच्या बाजूला राजे चार्ल्स, मागे अणू आणि ऑलिव्हच्या डहाळ्या. १९५२ ते १९६७ या काळात चाचण्यांवर काम केलेल्यांना, सैनिक असोत की नागरी कर्मचारी, आणि गेलेल्यांच्या वारसांनाही ते मिळतं. २०२३ पासून वाटप सुरू झालं. बहुतेकांकडे ते पाकिटातून पोस्टानं आलं. समारंभ नाही, बिगुल नाही, दाराच्या फटीतून पायपुसण्यावर. त्याचा राग आलेली पुष्कळ माणसं मला ठाऊक आहेत.

मला स्वतःला पोस्टाचा तेवढा राग येत नाही. माझा राग त्या माणसाच्या फाइलीत जे नसतं त्यावर आहे, पण ते पुढच्या उत्तरांत येईल.

तू काय करू शकतेस? पदक आलंय म्हणजे आजोबा त्या जागी होते हे सरकारनं लेखी मान्य केलंय. तो कागद जपून ठेव, पाकिटासकट. त्यांना कर्करोग, रक्ताचा आजार किंवा मोतीबिंदू असं काही झालेलं असेल, तर युद्ध पेन्शनचा अर्ज करता येतो. ६ एप्रिल २००५ च्या आधीच्या नोकरीसाठी ही योजना आहे आणि तिला मुदत नाही. लोकांना हे माहीतच नसतं, त्यांना वाटतं आता साठ वर्षांनी कोण विचारतो. नोकरी सोडून सात वर्षं उलटली असली तरी अर्जदारानं सगळं सिद्ध करायचं नसतं. आजाराचा नोकरीशी संबंध असू शकतो, एवढी वाजवी शंका भरवशाच्या कागदानं उभी करायची असते, म्हणजे संशयाचा फायदा त्याला. ऐकायला फार सोपं वाटतं. प्रत्यक्षात तो भरवशाचा कागद आणायचा कुठून, इथेच सगळे अडकतात. पण पैसे साधारण अर्जाच्या तारखेपासून धरतात, तेव्हा विचार करत बसू नका. मुलीशी किंवा जो कोण त्यांचं बघतो त्याच्याशी बोल आणि दोन्ही गोष्टी एकदमच मागवा: पेन्शनचा फॉर्म, आणि लष्करातली त्यांची सेवानोंद वैद्यकीय कागदांसकट.

तुझ्या हातातलं एक काम मात्र कुणीच करणार नाही. ते बोलतील तेव्हा लिहून घे. कुठली तुकडी, कुठल्या महिन्यात पोचले, बोटीनं की विमानानं, छातीवर किरण मोजायचा फिल्मचा बिल्ला लावला होता का, रक्त कुणी आणि किती वेळा काढलं, तंबूत सोबत कोण होतं. खाली तारीख घाल आणि त्यांची सही घे. आणि सर्व्हिस नंबर विचार. सकाळी काय खाल्लं ते त्यांना आठवणार नाही, नंबर धडाधड सांगतील.

जय हिंद. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आपल्याकडे सियाचीनवर गेलेल्याला सियाचीन ग्लेशियर मेडल मिळतं, मग त्याच्यावर गोळी चालो अगर न चालो, कारण तिथं थंडीच शत्रू आहे हे सरकारला समजतं. मग ॲटम बॉम्बसमोर बसवलेल्या जवानाला सत्तर वर्षं पदक का नाही? कुणी अडवलं?
— निवृत्त सुभेदार, जि. सातारा

सुभेदारसाहेब, सियाचीनचा दाखला मी पुढं इथल्या लोकांना सांगणार आहे, तुमची परवानगी गृहीत धरून.

अडवलं ते पदकांचा विचार करणाऱ्या समितीनं. त्यांच्या दोन कसोट्या असतात: नेहमीच्या नोकरीपेक्षा जास्त धोका होता का, आणि नेहमीपेक्षा जास्त कष्ट होते का. चाचण्यांची सेवा त्या कसोट्यांत बसत नाही म्हणून अर्ज परत आले. यात एक मेख आहे. धोका होता असं पदकासाठी लिहून दिलं, तर उद्या तोच कागद भरपाईच्या दाव्यात कोर्टासमोर येतो. हे कारण कुठल्याही फाइलीवर लिहिलेलं मी पाहिलेलं नाही, हा माझा अंदाज. पण टेबलाच्या त्या बाजूला बसणाऱ्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे.

त्यात गुप्ततेची शपथ. या माणसांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. अमेरिकेत तर चाचण्यांवरच्या सैनिकांना त्याबद्दल मोकळेपणी बोलण्याची मुभा १९९६ मध्ये कायद्यानं दिली, तोवर डॉक्टरला सांगायचीही चोरी. ब्रिटनमध्ये १९८३ मध्ये केन मॅकगिन्ली या ख्रिसमस बेटावर राहिलेल्या माजी सैनिकानं संघटना उभी केली, तेव्हा कुठं हे लोक एकमेकांना सापडू लागले. माझ्याकडे येणारे बरेचजण त्याच पिढीचे. संघटनेचं पत्रक हातात पडेपर्यंत आपला आजार आपल्या एकट्याचाच, असं समजून बसलेले.

बाकीच्या देशांनी एवढा वेळ घेतला नाही, हे ब्रिटनला जास्त लागायला हवं होतं. ग्रॅपलच्या वेळी न्यूझीलंडची 'पुकाकी' आणि 'रोटोइटी' ही दोन जहाजं निरीक्षणाला होती. त्या खलाशांना न्यूझीलंडनं २००२ मध्येच खास पदक दिलं, म्हणजे ब्रिटनच्या बॉम्बसाठी ब्रिटनच्या वीस वर्षं आधी. फिजीचे तीनशेच्या आसपास जवान आणि खलाशी ख्रिसमस बेटावर होते. ब्रिटन काही करेल याची आता वाट बघणार नाही असं म्हणत पंतप्रधान बैनीमारामा यांनी २०१५ मध्ये हयात असलेल्या २४ जणांना स्वतःच्या तिजोरीतून प्रत्येकी ९,८५५ फिजी डॉलर दिले. रक्कम मोठी नाही. पण बॉम्ब ज्याचा नव्हता त्यानं पैसे दिले, हे लक्षात घ्या.

आता कोर्ट. सुभेदारसाहेब, हे जरा सावकाश वाचा, कारण मलाही पहिल्यांदा दोनदा वाचावं लागलं होतं. हजाराहून जास्त माजी सैनिकांनी संरक्षण मंत्रालयावर दावा लावला. त्यातली नऊ प्रकरणं नमुना म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १४ मार्च २०१२ ला चार विरुद्ध तीन मतांनी दावेदार हरले. मुद्दा मुदतीचा होता. आपल्या आजाराचं कारण कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावायचा असतो. सैनिक म्हणाले, आम्हाला शास्त्रीय पुरावा आत्ता कुठं मिळतोय. बहुमताचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही दावा लावलात याचाच अर्थ कारण तुम्हाला ठाऊक होतं, आणि ते पुष्कळ आधीपासून ठाऊक होतं, म्हणजे मुदत केव्हाच टळली. शिवाय मुदत माफ केली तरी चाचणीमुळेच आजार झाला हे तुम्हाला सिद्ध करता येईल असं दिसत नाही. तेव्हा उशीर झाला म्हणूनही गेलं आणि पुरावा नाही म्हणूनही गेलं. तीन न्यायाधीशांना हे पटलं नाही, पण तीन म्हणजे चार नव्हेत.

त्यानंतर दहा वर्षं खासदारांच्या गाठी, वर्तमानपत्रांतल्या मोहिमा. जून २०२२ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी या माणसांची भेट घेतली, पदकाचा प्रश्न पुन्हा उघडला आणि सहा महिन्यांत सुटला. सहा महिन्यांत होणारं काम होतं ते.

मी भौतिकशास्त्राचा निवृत्त शिक्षक. भावना समजू शकतो, पण विज्ञान काय सांगतं? माझ्या वाचनानुसार या सैनिकांचा एकूण मृत्युदर इतर सैनिकांसारखाच निघाला. मग पुरावा नसताना भरपाई आणि मान्यता म्हणजे केवळ सहानुभूतीचं राजकारण नव्हे का?
— एक वाचक, नाशिक

सर, प्रश्न रास्त आहे, आणि तुमचं वाचनही बरोबर आहे. चाचण्यांवर गेलेल्या २१ हजारांहून जास्त ब्रिटिश माणसांची तुलना तेव्हाच्याच, पण चाचण्यांवर न गेलेल्या सैनिकांशी केली गेली. पहिला अहवाल १९८८ चा, पुढं १९९३ आणि २००३ मध्ये पुन्हा. एकूण मृत्युदर जवळपास सारखा. रक्ताच्या कर्करोगाबाबत मात्र थोडी शंका राहिली, ती पूर्ण पुसली गेली नाही.

तुम्ही वर्गात सरासरी शिकवली असेल. त्या २१ हजारांत चाचणीच्या ढगातून कॅनबेरा विमान नेऊन नमुने गोळा करणारा वैमानिक आहे, ते विमान उतरल्यावर पाण्यानं धुणारा पोरगा आहे, आणि स्फोटाच्या वेळी लांब बोटीवर बटाटे सोलणारा स्वयंपाकीही आहे. सगळ्यांची बेरीज करून भागलं की विमान धुणारा त्यात बुडतो. वेगळा काढायचा तर प्रत्येकाच्या अंगाला किती किरण लागले हे हवं. ते फिल्मच्या बिल्ल्यावरून कळतं, आणि बिल्ले सगळ्यांना दिलेच नव्हते. आणखी एक, जे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं समजतं: तो बिल्ला बाहेरून येणारा गॅमा मोजतो. नाकातोंडातून आत गेलेल्या प्लुटोनियमचे अल्फा कण त्याला कळत नाहीत. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मारालिंगा इथं तर अण्वस्त्रांच्या सुरक्षेच्या नावाखाली केलेल्या 'किरकोळ' चाचण्यांत २२ किलोच्या आसपास प्लुटोनियम उघड्यावर उधळलं गेलं. १९६७ मध्ये ब्रिटिशांनी वरची माती नांगरून ते खाली गाडलं आणि निघून गेले. ती जमीन खरोखर साफ करायला ऑस्ट्रेलियाला पुढं दहा कोटींहून जास्त डॉलर खर्च आला. त्या धुळीत राबलेल्याचा बिल्ला कोरा निघाला, तर तो कशाचा पुरावा?

उलट बाजूचाही अभ्यास आहे. न्यूझीलंडमधल्या मॅसी विद्यापीठात अल रोलँड यांच्या गटानं २००७ मध्ये त्या दोन जहाजांवरच्या पन्नास खलाशांच्या रक्तपेशी तपासल्या. गुणसूत्रांचे तुकडे तुटून भलतीकडे जोडले जाण्याचं प्रमाण तुलनेच्या गटाच्या जवळपास तिप्पट होतं. त्यातून अमुक माणसाचा अमुक आजार सिद्ध होत नाही, हे मी आधीच कबूल करते. पण हे खलाशी जवळ नव्हतेच, लांबून बघत होते, म्हणून त्यांना काही लागलंच नाही, ही पाटी मात्र पुसली जाते.

अमेरिकेची गोष्ट घ्या. नेवाडाच्या वाळवंटात ३१ ऑगस्ट १९५७ ला 'स्मोकी' नावाचा स्फोट झाला, आणि स्फोटानंतर सैन्यानं कवायतीसारख्या हालचाली करायच्या होत्या. पुढं तिथं हजर असलेल्या ३,२२४ जणांचा शोध घेतला तेव्हा रक्ताच्या कर्करोगाचे नऊ रुग्ण सापडले. एवढ्या माणसांत अपेक्षा होती साडेतीनची. लहान आकडा आहे, वाद घालता येतो, घातलाही गेला. पण १९८८ मध्ये अमेरिकी संसदेनं वेगळाच रस्ता काढला. तू चाचणीच्या जागी होतास हे कागदावर आहे, आणि तुला या यादीतला कर्करोग झालाय, एवढं पुरे. किती किरण लागले ते सिद्ध करायचं नाही. सुरुवातीला यादीत तेरा आजार होते, आज एकवीस कर्करोग आहेत. त्याखेरीज १९९० च्या कायद्यानं जागेवर हजर असलेल्यांना एकरकमी ७५ हजार डॉलर मिळत. तो कायदा २०२४ च्या जूनमध्ये लटकला आणि जुलै २०२५ मध्ये रक्कम एक लाख करून परत आला.

असा रस्ता का काढावा लागला याचं एक ठळक कारण सेंट लुईस शहरात आहे. तिथल्या सरकारी अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ ला आग लागली. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून सुटलेल्यांच्या सुमारे ८० टक्के फाइली जळाल्या. कागद सरकारच्या ताब्यात, आग सरकारच्या इमारतीत, आणि पुरावा मागायचा सैनिकाकडे, हे फार दिवस चालण्यासारखं नव्हतं.

फ्रान्सनं २०१० मध्ये कायदा केला, पण त्यात 'धोका नगण्य असेल तर भरपाई नाही' अशी पाचर मारून ठेवली. परिणाम असा की अल्जेरिया आणि पॉलिनेशियातल्या दोनशेच्या वर चाचण्यांमागे पहिल्या काही वर्षांत भरपाई मिळालेले अगदी मोजके निघाले. ती पाचर २०१७ मध्ये काढावी लागली.

तेव्हा सर, सहानुभूतीचा प्रश्न बाजूला ठेवू. माझा प्रश्न हिशेबाचा आहे. मोजायचं काम ज्याचं होतं त्यानं मोजलं नाही, किंवा मोजलं आणि दाखवलं नाही, तर न मोजलेल्याचा तोटा कुणाच्या खात्यावर? माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन. बेटावर चार-चार आठवड्यांनी रक्त काढायचे, हे त्यांना नक्की आठवत होतं. सुई टोचणाऱ्याचं टोपणनावही आठवत होतं. फाइल मागवली. आली. बेटावर जाण्याआधीची दातांची तपासणी होती, परत आल्यावरचा सर्दीचा उल्लेख होता, आणि मधलं वर्ष नव्हतंच. पानं फाटलेली नव्हती, पानांचे क्रमांकही बरोबर होते. फक्त त्या वर्षाचं काही लिहिलेलं नव्हतं. सोबतच्या पत्रात एक ओळ: अशा तपासणीची नोंद आढळत नाही. अर्ज नामंजूर झाला.

ब्रिटनच्या अण्वस्त्र बनवणाऱ्या सरकारी आस्थापनेकडे 'मर्लिन' नावाचा एक मोठा गोपनीय संग्रह होता आणि त्यात चाचण्यांच्या काळातल्या रक्त-लघवी तपासणीबद्दलचे कागद आहेत, हे पुढं उघड झालं. तो खुला करायला सरकार आता कुठं राजी झालंय. ते गृहस्थ तोवर गेले.

आपल्या पोखरणच्या जवानांना असं काही झालं होतं का?
— एक विद्यार्थी, लातूर

१९७४ आणि १९९८, दोन्ही वेळच्या चाचण्या जमिनीखाली, खोल खड्ड्यात पुरून केलेल्या. माणसांना उघड्यावर बसवून डोक्यावर बॉम्ब फोडण्याचा प्रकार आणि हा प्रकार एका तागडीत घालता येत नाही. याहून जास्त बोलायला माझ्याजवळ काही नाही.

सैनिकांचं ठीक, पण ज्यांच्या जमिनीवर हे केलं त्या लोकांना काय मिळालं?
— एक वाचक, पणजी

फार कमी आणि फार उशिरा. १५ ऑक्टोबर १९५३ ला ऑस्ट्रेलियातल्या ईमू फील्ड इथं स्फोट झाला, त्यानंतर वॉलाटिना या वस्तीवर काळं धुकं आलं. यामी लेस्टर तेव्हा लहान होते, पुढं ते आंधळे झाले आणि जन्मभर याबद्दल बोलत राहिले. त्यांच्यासारख्यांच्या आवाजामुळे १९८४-८५ मध्ये न्यायमूर्ती मॅक्लेलंड यांचा शाही आयोग बसला आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांना पहिल्यांदा उलटतपासणीला सामोरं जावं लागलं. मारालिंगाच्या मूळ रहिवाशांना १९९४ मध्ये साडेतेरा दशलक्ष ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, जमीन टप्प्याटप्प्यानं परत मिळाली, शेवटचा तुकडा २०१४ मध्ये. या विषयावर स्वतंत्र लिहायला हवं, इथं दोन ओळींत उरकणं बरं नाही.

ताई, आमचे आजेसासरे जंगी पलटणीत होते. महायुद्ध संपल्यावर पलटण जपानला गेली होती असं ते सांगायचे. घरात एक फोटो आहे, मागं पडक्या इमारती. ते १९७१ मध्ये पोटाच्या दुखण्यानं गेले. तुमचं वाक्य वाचून मुलगा म्हणतो, आपणही अर्ज करायला हवा. करावा का?
— एक गृहिणी, ता. खटाव

वहिनी, पहिली गोष्ट, ते सांगायचे ते खरं. १९४६ मध्ये जपानवर ताबा ठेवायला राष्ट्रकुलाचं सैन्य गेलं, त्यात ब्रिटिश-भारतीय डिव्हिजन होतं. त्यातल्या २६८ ब्रिगेडचे प्रमुख होते ब्रिगेडियर थिमय्या, जे पुढं आपले लष्करप्रमुख झाले. त्या ब्रिगेडमध्ये पंजाब आणि गुरखा पलटणींबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण, म्हणजे तुमची जंगी पलटण होती. हे सैन्य कुरे बंदरात उतरलं. कुरे हे हिरोशिमाच्या शेजारचंच बंदर, आणि हिरोशिमा बघून आलेले जवान पुष्कळ. भारतीय डिव्हिजनचा मुक्काम मात्र ओकायामा आणि त्याच्या उत्तरेकडच्या भागात होता.

दुसरी गोष्ट कडू आहे. बाहेरच्या देशांच्या योजनांत तुमचा अर्ज बसत नाही. अमेरिकेच्या कायद्यात ६ ऑगस्ट १९४५ ते १ जुलै १९४६ या काळात हिरोशिमा-नागासाकीच्या ताब्यात भाग घेतलेले सैनिक धरलेत, पण अमेरिकेचे. ऑस्ट्रेलियानं २०१७ मध्ये चाचण्यांवर गेलेल्यांबरोबरच जपानात राष्ट्रकुलाच्या सैन्यात असलेल्या आपल्या माणसांनाही मोफत उपचाराचं 'गोल्ड कार्ड' दिलं, तेही फक्त स्वतःच्या. म्हणजे एकाच धक्क्यावर उतरलेल्या दोघांपैकी ऑस्ट्रेलियन जवानाला कार्ड आहे आणि खटावच्या जवानाचं नावही कुठल्या यादीत नाही. ब्रिटनचं नवं पदक चाचण्यांसाठी आहे, जपानच्या सेवेसाठी नाही. कुणी एजंट 'लाखो रुपये मिळवून देतो' म्हणत आला, तर चहा पाजून परत पाठवा, सही करू नका.

तिसरी, आणि ही मुलाला शांतपणे सांगा. हिरोशिमाचा बॉम्ब जमिनीपासून सहाशे मीटरच्या आसपास वर फुटला. अशा स्फोटानंतर जमिनीवर उरणारा किरणोत्सार फार झपाट्यानं उतरतो, आणि पलटण पोचली ती सात-आठ महिन्यांनंतर. आजोबांचं पोटाचं दुखणं त्यामुळे, असं मी म्हणणार नाही. वर नाशिकच्या सरांशी इतका वाद घातल्यावर इथं सोयीचं बोलणं मला शोभणार नाही.

तरीही त्यांची नोंद मागवाच. पैशासाठी नव्हे, आज त्या पलटणीबरोबर जपानला गेलेला जवान हयात सापडणं कठीण, आणि तो फोटो कुठला हे सांगू शकेल असा कागद असेल तर तो बेळगावला, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसात. अर्ज साधा लिहा: पूर्ण नाव, वडिलांचं नाव, तेव्हाचं गाव आणि तालुका, भरतीचं साल आठवत असेल तर, आणि सर्व्हिस नंबर. नंबर घरात कुठंच नसेल तर पितळी बिल्ला, पेन्शनचं जुनं पुस्तक, मनीऑर्डरची पावती शोधा. युद्धातलं पदक असेल तर भिंगानं त्याची कड बघा, भारतीय सैन्याच्या पदकांच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं सापडतं. फोटोची पाठही बघा. अर्जाला फोटोची झेरॉक्स जोडा, मूळ फोटो पाठवू नका. आणि पलटणीचं नाव नुसतं 'जंगी पलटण' लिहू नका, '१/५ मराठा लाइट इन्फन्ट्री' असं लिहा. १९४६ च्या कागदांवर तेच असणार.